चिनी बागेत वाचलेली प्रेमकविता

आमच्या मराठी मंडळाचा एक कविता गट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बेसमेंटमध्ये जमायचं, आपापल्या कविता वाचायच्या, एकमेकांना ‘वा’ म्हणायचं आणि मग जेवायचं. जेवणाची वेळ जवळ येत जाते तसतसा ‘वा’ मोठा होत जातो. सगळ्यात शेवटी वाचणाऱ्याला सगळ्यात जास्त दाद मिळते, म्हणून शेवटचा नंबर नेहमी अध्यक्ष काकांचा असतो.

काका मूळचे पुण्याचे. औषधांच्या कंपनीत केमिस्ट होते, आता रिटायर झालेत. सत्तरी उलटली तरी आवाज खणखणीत. त्यांना अध्यक्ष कुणी केलं ते कुणालाच आठवत नाही. पहिल्या बैठकीत कुणीतरी खुर्ची पुढे केली, ते बसले, आणि नंतर कुणी ती खुर्ची परत मागितली नाही, एवढंच.

मी या गटात उशिरा आले. मी नागपूरची, बौद्ध, न्यू जर्सीत आयसेलिनजवळ राहते, औषधांच्या चाचण्यांचा डेटा तपासायची नोकरी करते. मंडळाने पहिल्यांदाच जयंतीचा कार्यक्रम ठेवला तेव्हा मी तिथे एक कविता वाचली होती. नवा मराठी माणूस भेटला की तो आधी गाव विचारतो, मग आडनाव विचारतो, आणि आडनाव ऐकल्यावर थोडा वेळ गप्प बसतो. त्या थोड्या वेळाबद्दलची ती कविता. लोक टाळ्या वाजवायला उभे राहिले. ज्यांनी माझं आडनाव ऐकून तसाच थोडा वेळ घेतला होता तेही उभे राहिले, आणि त्यांच्याच टाळ्या जास्त वेळ चालल्या.

त्या दिवसापासून मी ‘आपल्या विद्रोही कवयित्री’ झाले. एप्रिल आला की काकांचा फोन, डिसेंबर आला की फोन. “ताई, तुमची ती धगधगती एखादी द्या.” गटातल्या बाकी सगळ्या बायकांना काका ‘अगं’ म्हणतात, माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या असलेल्यांनासुद्धा. मी एकटी ‘ताई’ आणि ‘तुम्ही’. फेब्रुवारीत प्रेमकवितांची मैफल असते. तिचं आमंत्रण मला कधी आलं नाही. मला वाटायचं, ईमेल स्पॅममध्ये जात असेल. मी स्पॅम फोल्डर उघडून बघितलं होतं, हेही इथे कबूल करून टाकते.

त्यामुळे गेल्या मे महिन्यात काकांचा फोन आला तेव्हा मी चक्रावले. ना एप्रिल, ना डिसेंबर.

“ताई, आपण काव्यसहल काढतोय. खाडीवरचा पूल ओलांडून पलीकडे एक चिनी बाग आहे. जुन्या चिनी पद्धतीची, अस्सल. कवी आणि प्रेमिकांची बाग म्हणतात तिला. तिथे बसून प्रत्येकाने एक कविता वाचायची. शृंगार आणि निसर्ग, असा विषय आहे.”

“शृंगार?” मी म्हटलं.

“तुम्हाला विषयाचं बंधन नाही हो,” काका घाईने म्हणाले. “तुम्ही तुमचं वाचा. आणि बरोबर कुणाला तरी आणा. पंधरा माणसं झाली की ग्रुप तिकीट मिळतं, आम्ही तेरा झालोय.”

मान इतक्या स्वच्छ शब्दांत क्वचितच मिळतो. तरीही मी हुरळले. तीन आठवडे एक कविता घासूनपुसून ठेवली. इतकंच नाही, सहलीच्या दिवशी मोरपंखी सिल्कची साडी नेसले आणि टाचेचे सँडल घातले. चिनी बागेत सगळीकडे गोट्यांची फरसबंदी असते हे मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं.

नवऱ्याला त्या शनिवारी ऑफिसचं काम होतं, त्याची टीम काहीतरी रिलीज करणार होती. म्हणून मी लेकीला धरून नेलं. ती चोवीस वर्षांची, इथेच जन्मलेली, इमिग्रेशनच्या वकिलाकडे नोकरी करते. तिला मराठी सगळं समजतं. उत्तरं मात्र ती इंग्रजीत देते, आणि उत्तरांपेक्षा प्रश्न जास्त विचारते.

बागेच्या दारात आमची पंधरा माणसं गोळा झाली. काकांच्या हातात कवितांची फाइल, गळ्यात ब्लूटूथचा माइक आणि खांद्याला त्याचा स्पीकर. त्यांच्या मागे काकू, दोन्ही हातांत दोन जड पिशव्या. एका पिशवीत सुरळीच्या वड्या, दुसरीत पंधरा जणांना पुरेल इतका मसालेभात. दाराशीच पाटी होती की बाहेरचं खाणं आत आणू नये. काकांनी पाटी मोठ्याने वाचली, मान डोलावली आणि काकूंना म्हणाले, “पिशव्यांवर तुझी शाल टाक.”

आम्हाला बाग दाखवायला एक बाई आल्या. चिनी वंशाच्या, पासष्टीच्या, शाळेत रसायनशास्त्र शिकवून रिटायर झालेल्या. आता शनिवारी इथे स्वयंसेवक म्हणून येतात, असं त्यांनी सांगितलं. काकूंच्या शालीकडे त्यांनी एकदा बघितलं. शाळेत आयुष्य घालवलेल्या बाईला पिशवीत काय आहे ते कळायला शाल काढावी लागत नाही. तरी त्यांनी आम्हाला आत घेतलं.

गोल दारातून आम्ही आत गेलो. बाग सुंदर होती, ते मला मान्यच करावं लागेल. पांढऱ्या भिंती, वर राखाडी कौलं, मधे हिरवट पाण्याचं तळं, त्यात दंडाएवढे केशरी मासे. तळ्यावरून जाणारा पूल सरळ न जाता दर चार पावलांवर काटकोनात वळायचा. भुतांना फक्त सरळ चालता येतं, म्हणून पूल असा बांधतात, असं बाईंनी सांगितलं. त्या पुलावर माझ्या टाचा फळ्यांच्या फटीत दोनदा अडकल्या. भुतांची आणि माझी गत तिथे सारखीच होती.

“ही बाग कुणाची असते मूळची?” लेकीने विचारलं.

बाईंनी सांगितलं ते असं. चीनमध्ये अशा बागा बडे सरकारी अधिकारी बांधायचे. राजकारणाचा वीट आला, किंवा वरिष्ठांनी काढून टाकलं, की माणूस गावी यायचा, भोवती उंच भिंत बांधायचा, आत डोंगर आणि नदी तयार करून घ्यायचा आणि मग एकांतावर कविता लिहीत बसायचा. आम्ही बघत होतो ती बाग अर्थात अलीकडची. कारागीर चीनहून आले, लाकूड आणि दगडसुद्धा तिकडूनच आले, पण नमुना जुनाच.

“अहाहा,” काका म्हणाले. “सगळ्याचा त्याग. हीच तर कवीची वृत्ती.”

“एवढी बाग झाडायला किती माणसं लागत असतील?” मी बाईंना विचारलं.

“तीस, चाळीस,” त्या शांतपणे म्हणाल्या. “मालक एकांतात असायचा तेव्हा त्यांनी दिसायचं नाही, असा नियम असे.”

काकांना हा भाग ऐकू आला नाही. ते एका भोकाभोकांच्या खडकासमोर उभे राहून आपल्याकडे हे सगळं हजार वर्षं आधीच कसं होतं, ते गटातल्या दोन बायकांना समजावत होते. भोकं पडलेल्या दगडांबाबत आपण नक्की केव्हा आघाडी घेतली होती, ते त्यांनी सांगितलं नाही.

मग आम्ही एका भिंतीपाशी आलो. भिंतीत लाकडी जाळीची खिडकी होती, बर्फाला तडे जावेत तशी नक्षी असलेली. बाईंनी हात वर करून सगळ्यांना थांबवलं. बागेतली प्रेमकथा इथे सांगायची असते, असं दिसलं. ज्या जुन्या बागेवरून ही बाग बेतली आहे, तिथली दंतकथा. एका अधिकाऱ्याची मुलगी भिंतीच्या या बाजूला राहायची, तिला बाहेर जायला बंदी. पलीकडच्या अंगणात एक गरीब विद्यार्थी परीक्षेचा अभ्यास करायचा. तीन वर्षं दोघांनी जाळीतून एकमेकांना कवितांच्या चिठ्ठ्या दिल्या. एकमेकांचा चेहरा पूर्ण कधी पाहिला नाही. मग तो परीक्षा पास झाला, राजधानीत गेला, मंत्र्याचा जावई झाला आणि विरहाच्या कवितांसाठी प्रसिद्ध झाला.

आमच्या गटातून एक लांबलचक उसासा निघाला. पंधरापैकी निदान दहा जणांनी तो एकाच वेळी सोडला. “किती रोमँटिक ना,” कुणीतरी म्हणालं.

“आणि मुलीच्या कविता?” मी विचारलं. “त्या कुठे वाचायला मिळतील?”

“त्या कुणी जपून ठेवल्या नाहीत,” बाई म्हणाल्या.

काकू माझ्या शेजारी उभ्या होत्या. पिशव्या त्यांनी अजून खाली ठेवल्या नव्हत्या. त्या पुटपुटल्या, “तिच्या घरचे म्हणाले असतील, रद्दी साठवू नको.” त्या एवढं बोलल्याचं मी तरी पहिल्यांदाच ऐकत होते. मी हसले, त्याही हसल्या, आणि मी त्यांच्या हातातली मसालेभाताची पिशवी घेतली. ती इतकी जड होती की बागेची सगळी शोभा माझ्या लेखी तिथेच अर्धी झाली.

कवितावाचन पाण्यावरच्या मंडपात होतं. आम्ही कठड्याच्या बाकांवर दाटीवाटीने बसलो. काकांनी माइक चालू केला आणि म्हणाले, “हॅलो, हॅलो.” तळ्यातले सगळे मासे आमच्याकडे वळले. खायला मिळणार असं त्यांना वाटलं असावं. बाई लगबगीने आल्या आणि म्हणाल्या की इथे स्पीकर चालत नाही. काकांनी त्यांना इंग्रजीत सांगितलं की ही कविता आहे. बाई म्हणाल्या की त्यांना कल्पना आहे, आणि तरीही चालत नाही. काकांनी स्पीकर बंद केला, माइक मात्र गळ्यातच ठेवला.

मग कविता सुरू झाल्या. मी कुणाची टिंगल करावी अशी माझी पात्रता नाही, पण केल्याशिवाय राहवतही नाही. त्या दुपारी आमच्या मंडपात सात वेळा चंद्र उगवला आणि चार वेळा प्राजक्त सांडला. न्यू जर्सीत चाळीस वर्षं काढलेल्या माणसांनी एकही मेपल आत येऊ दिला नाही. एका गृहस्थांच्या कवितेतली प्रिया नदीकाठी घागर घेऊन उभी होती. त्यांची पत्नी हृदयरोगतज्ज्ञ आहे, ती शेजारी बसून फोनवर पेशंटचे रिपोर्ट बघत होती. नंतर काकांनी एकामागून एक तीन कविता वाचल्या. तिसरी ‘सखी’वर होती. सखी अंधारात दिवा घेऊन वाट बघते, बोलत काहीच नाही. ती का बोलत नाही हे कवीला कोडं पडलेलं असतं. मी काकूंकडे बघितलं. त्या रुमालाने चमचे पुसत होत्या.

“आता जरा वेगळा रंग,” काका म्हणाले. त्यांनी चेहरा गंभीर केला. “इतका वेळ आपण फुलांत होतो. आता विस्तव. आपल्या विद्रोही कवयित्री.”

मंडपातल्या सगळ्यांनी पाठी सरळ केल्या. दोघांनी फोन खाली ठेवले. चेहऱ्यांवर एकदम ते भाव आले, दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसल्यावर येतात तसे: दुखणार आहे, पण आपल्या भल्याचं आहे.

मी कागद उघडला आणि वाचलं.

पहाटे तू माझ्या गाडीवरचा बर्फ खरवडतोस
तेव्हा मी जागी असते.
पडद्याआडून बघते:
आधी माझ्या बाजूची काच,
मग समोरची,
आणि आरसे तू हाताने पुसतोस,
झोपेतून उठलेल्या मुलाचं तोंड पुसावं तसे.
तुला वाटतं, मला ठाऊक नाही.

पुढे अजून दोन कडवी होती. नवरा गेली बावीस वर्षं हिवाळ्यात हे करतो. मी कधी सांगितलेलं नाही, त्याने कधी बोलून दाखवलेलं नाही. नागपूरला वस्तीतल्या अभ्यासिकेत आम्ही एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसून परीक्षांचा अभ्यास करायचो तेव्हाही तो असाच होता. माझी पेन्सिल बोथट झाली की टोक काढून ठेवायचा आणि वर बघायचासुद्धा नाही. कवितेत तेही होतं.

मी वाचून संपवलं आणि कागदाची घडी घातली. कुणी ‘वा’ म्हणालं नाही. कुणी वाईटही म्हणालं नाही. लोक वाट बघत होते. या बर्फाचं पुढे काहीतरी होईल, कुणीतरी कुणाला तरी गाडीतून उतरवेल, निदान पाणी तरी नाकारेल, असं त्यांना वाटत असावं.

“झाली?” काकांनी विचारलं.

“झाली.”

“छान आहे. हळुवार आहे.” त्यांनी चष्मा काढून पुसला. “पण ताई, खरं सांगू का? हा तुमचा आवाज नाही.”

“मग कुणाचा आहे, काका?”

“तसं नव्हे. म्हणजे प्रेमकविता काय, कुणीही लिहितो. आम्ही सगळे लिहितोच. तुमच्याकडे अनुभवाचं धन आहे. ते आगीचं. ते सोडून तुम्ही ह्यात का पडता?”

मला एकाच वेळी पाच उत्तरं सुचली आणि त्यातलं सगळ्यात छोटं मी निवडलं. मी एवढंच म्हटलं, “काका, मला नवराही आहे.”

दोघंतिघं हसले. काकाही हसले, मोठ्या मनाने. तेवढ्यात लग्नाआधीचे फोटो काढायला आलेलं एक जोडपं मंडपाच्या पायरीशी येऊन उभं राहिलं. मुलगी पांढऱ्या झग्यात, फोटोग्राफरच्या हातात वेळ ठरवून घेतल्याचा कागद. आमची वेळ संपली होती. काका त्या फोटोग्राफरला म्हणाले की इथे संस्कृतीचं काम चाललंय. फोटोग्राफर म्हणाला की त्यांचं वीस मिनिटांत आटपेल. आम्ही उठलो. मसालेभात शेवटी पार्किंग लॉटमध्ये, गाड्यांच्या उघड्या डिक्क्यांपाशी उभं राहून खाल्ला. तो अप्रतिम होता, आणि तिथे सगळ्यांच्या तोंडून अखेर ‘वा’ निघाला. काकूंनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि मला आग्रहाने आणखी वाढलं.

परतताना लेक ड्राइव्ह करत होती. खाडीवरचा पूल आला. मग तिने उलटतपासणी सुरू केली.

“आई, वॉज दॅट अ काँप्लिमेंट?”

“कुठलं?”

“दॅट थिंग ही सेड. नॉट युवर व्हॉइस.”

“त्यांना तसंच वाटतं.”

“सो यू आर अलाउड टू बी अँग्री,” ती म्हणाली, “बट नॉट मॅरीड?”

आजवर मी तिला पुष्कळ सांगितलं होतं: आजोबांना शाळेत कुठे बसवायचे, आम्ही धम्म का स्वीकारला, पुस्तकांचं कपाट आमच्या घरात देव्हाऱ्याच्या जागी का असतं. तिला इतिहास पाठ होता. पण जे पार्किंग लॉटमध्ये प्लेट भरून देतात, गाडीपर्यंत सोडायला येतात, पोचल्यावर मेसेज कर म्हणतात, त्यांच्याबद्दल काय सांगायचं ते मी कधी ठरवलंच नव्हतं.

“ते वाईट माणूस नाहीत गं,” मी म्हटलं.

“आय डिडन्ट आस्क दॅट.”

वकिलाकडे फार दिवस नोकरी करू देऊ नये मुलांना.

घरी आलो तेव्हा नवरा स्वयंपाकघरात एका हाताने पोहे ढवळत आणि दुसऱ्या हाताने लॅपटॉपवर टाइप करत होता. “कशी झाली सहल?” त्याने विचारलं. मी कागद त्याच्यासमोर ठेवला. ही कविता त्याने आधी ऐकली नव्हती. त्याने गॅस बंद केला आणि उभ्याने वाचली, दोनदा वाचली. कान लाल झाले.

“आरसे हाताने पुसू नयेत खरं तर,” तो शेवटी म्हणाला. “डाग पडतात.”

माझ्या कवितेवर त्या दिवशी झालेली ही एकमेव समंजस समीक्षा.

गोष्ट इथे संपली असती तर मी विसरून गेले असते. पण चार दिवसांनी गटाच्या व्हॉट्सॅपवर काकांनी सहलीचा वृत्तांत टाकला, मंडळाच्या अंकात छापण्यासाठी. वृत्तांत लांब होता. त्यात बागेचं वर्णन होतं, भुतांचा पूल होता, काकांच्या तिन्ही कविता पूर्ण होत्या. आणि शेवटी माझ्यावर एक परिच्छेद होता. त्यात लिहिलं होतं की आपल्या विद्रोही कवयित्रींनी या वेळी प्रतीकांचा आधार घेतला. बर्फ म्हणजे हजारो वर्षं गोठलेली समाजव्यवस्था. काच म्हणजे अदृश्य भिंत. ती पहाटे खरवडणारा हात म्हणजे शोषितांचा हात. वरवर साध्या वाटणाऱ्या या कवितेच्या पोटात निखारा आहे.

खाली अंगठे येऊ लागले. एकाने लिहिलं, “आता अर्थ लागला!” हृदयरोगतज्ज्ञ बाईंच्या यजमानांनी हात जोडल्याचं चित्र टाकलं.

मी ऑफिसातच होते. मीटिंग चालू होती. टेबलाखाली फोन धरून मी लिहिलं, “तो बर्फ आहे. गाडीवरचा.”

काकांचं उत्तर लगेच आलं. “थोर कलाकृतीचा अर्थ कलावंतालाही पूर्ण ठाऊक नसतो.”

मी मीटिंगमधून उठले, जिन्यात गेले आणि काकांना फोन लावला.

“काका, तो परिच्छेद काढून टाका.”

“का हो? काही चुकलं का?”

“माझा नवरा शोषितांचा हात नाही. तो माझा नवरा आहे. त्याचा हात थंडीने फुटतो, मी त्याला व्हॅसलीन देते. तुमची सखी दिवा घेऊन उभी असते, तिला कुणी समाजव्यवस्था म्हणतं का?”

मग काका बोलले ते खरोखर दुखावलेल्या आवाजात. “ताई, मी तुमचा किती आदर करतो हे तुम्हाला माहीत नाही. ह्या गटात इतका आदर मी कुणाचाच करत नाही.”

“तेच ना,” मी म्हटलं. “तो थोडा कमी करा.”

“म्हणजे नक्की काय करू?”

त्यांनी ते इतकं गोंधळून विचारलं की माझा राग क्षणभर गळाला. पण क्षणभरच. “डिसेंबरला दुसऱ्या कुणाला तरी आग लावायला सांगा,” मी म्हटलं. “तुम्ही स्वतः लावा, तुम्हालाही जमेल. आणि मला फेब्रुवारीत बोलवा.”

“फेब्रुवारीत प्रेमकविता असतात.”

“म्हणूनच.”

“बघतो,” ते म्हणाले. आमच्या मंडळात ‘बघतो’चा अर्थ सगळ्यांना माहीत आहे.

अंकात तो परिच्छेद छापून आला. फक्त ‘शोषितांचा’च्या जागी ‘श्रमिकांचा’ केलं होतं. एवढी दुरुस्ती माझ्या भावनांचा मान राखून केली, असं संपादकांनी कळवलं. डिसेंबरात मी गेले नाही. माझ्या जागी कोण बोललं ते मला कळलं: कुणीच नाही. त्या वेळात चहा लवकर दिला.

फेब्रुवारीत मात्र आमंत्रण आलं, माझ्या नावाने, काकूंच्या फोनवरून. “ह्यांना आठवण करून दिली मी,” त्या म्हणाल्या. “दोनदा करून द्यावी लागली. ये तू. आणि तो बर्फ नको आणूस, सगळ्यांनी ऐकलाय. दुसरं काहीतरी आण.”

मी नवी कविता नेली. माझा नंबर जेवणानंतरचा लागला, बेसमेंटमध्ये हीटर चांगला तापलेला आणि तीन जण सरळसरळ झोपलेले असताना. मी वाचलं. माझं वाचून होताच मागच्या सोफ्यावरून एक मुंबईचे गृहस्थ, ज्यांची प्रिया घागर घेऊन उभी असते तेच, हात वर करून म्हणाले, “दुसरं कडवं काढून टाक. पहिल्यात जे सांगितलंस तेच परत सांगतेयस. शिवाय तिथे लय लंगडते.”

काकांनी घाबरून माझ्याकडे बघितलं.

“मुक्तछंद आहे तो,” मी म्हटलं.

“मुक्तछंदाला काय लय नसते? वाचून दाखव बरं परत.”

मी परत वाचलं. तिसऱ्या ओळीत अडखळले. तो म्हणाला, “बघ.” मी म्हटलं, घसा बसलाय. तो म्हणाला, घसा फक्त त्याच ओळीला कसा बसतो? हृदयरोगतज्ज्ञ बाईंनी फोनमधून डोकं वर काढून सांगितलं की कडवं ठीक आहे, शेवट कच्चा आहे. मग काकूंनी स्वयंपाकघरातून विचारलं की कॉफी आत्ता आणू की भांडून झाल्यावर. आम्ही आणखी अर्धा तास भांडलो. घरी जाऊन मी ते कडवं काढलं. त्या माणसाला अजून सांगितलेलं नाही.